नवशिक्यांसाठी गिटार : निवड आणि जुळवणी

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या वस्त्यांतून गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. जयंतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा महाविद्यालयाच्या युवक महोत्सवात पेटी, ढोलकी आणि ऑर्गन यांच्या जोडीला एखादा मुलगा अथवा मुलगी गिटार घेऊन बसलेली आढळते. ही निश्चितच आनंदाची बाब आहे. परंतु त्याचबरोबर अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे धूळ खात पडलेली गिटारही आमच्या पाहण्यात येते. विचारले तर पालक म्हणतात, "चार दिवसांची हौस होती, संपली." मूल खालमानेने म्हणते, "बोटे फार दुखायची. मला नाही जमत." आणि त्या घरात पुन्हा कोणी वाद्याचे नाव काढीत नाही.

आमचे म्हणणे असे की, यांपैकी पुष्कळ मुलांचा काहीही दोष नसतो. दोष असतो तो वाद्याच्या जुळवणीचा. स्वस्त गिटार कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या तारा बहुधा गरजेपेक्षा उंच ठेवलेल्या असतात. अशा वाद्यावर तयारीचा वादकही कष्टानेच वाजवील, मग दहा-बारा वर्षांच्या मुलाची काय कथा? आम्ही संगीततज्ज्ञ नाही, बँकेत लिपिकाचे काम करणारी माणसे आहोत. मात्र समाजातील मुलांसाठी गिटार घेताना आणि ती नीट करून घेताना जे पाहिले, शिकलो आणि पडताळले, ते पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडीत आहोत.

वाद्याची थोडी ओळख

गिटार मूळची स्पेनची. आज आपण जी बिनविजेची गिटार पाहतो तिच्या देहाचा आकार आणि आतील पट्ट्यांची रचना एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने बरीचशी निश्चित केली. पुढे अमेरिकेत, विशेषतः १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मार्टिन कंपनीच्या आणि इतरांच्या कारखान्यांत पोलादी तारांची गिटार विकसित झाली. आपल्याकडे ती चित्रपटांमुळे घरोघरी माहीत झाली. १९७३ च्या 'यादों की बारात' नंतर तर गिटार म्हणजे तारुण्याची खूणच ठरली. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर रागसंगीत वाजविले आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने साथ दिली. पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा घडविली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळविला. म्हणजे हे वाद्य आता परके राहिलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रात मिरज हे तंतुवाद्यांचे माहेरघर. पूर्वी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंबोरे व सतारी करण्यास सुरुवात केली. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा घडवून झाला म्हणून तो लगेच गात नाही. त्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढावी लागते, तेव्हा कोठे तो बोलू लागतो. ही गोष्ट आपल्याकडे गाण्याऱ्या-वाजविणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. गिटारचेही तसेच आहे. ती दुकानातून घरी आली म्हणजे वाजविण्यास तयार झाली असे नव्हे. हा एक मुद्दा पालकांनी ध्यानात घेतला तरी या लेखाचे निम्मे काम झाले.

कोणती गिटार घ्यावी?

दुकानात प्रामुख्याने दोन जातींच्या गिटार असतात. एक नायलॉनच्या तारांची, जिला क्लासिकल म्हणतात. तिची दांडी रुंद असते, तारा मऊ असतात आणि आवाज गोड पण लहान असतो. दुसरी पोलादी तारांची. तिची दांडी अरुंद, आवाज मोठा व खणखणीत, परंतु सुरुवातीला बोटांना जाच जास्त. गाण्याला साथ करावयाची असेल तर बहुतेक मुले दुसरी जात पसंत करतात आणि ते योग्यच आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल असेल किंवा बोटे फारच नाजूक असतील, तर नायलॉनची बरी. मात्र एक पक्के लक्षात ठेवावे. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. नायलॉनच्या तारांचा ताण त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक असतो. हा जादा भार घोडी उखडून टाकतो.

दुसरी बाब मापाची. मूल लहान असताना "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठ्या मापाचा गणवेश घेण्याची आपली सवय असते. गिटारच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येते. साधारण अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाऊण मापाची, म्हणजे ३६ इंची गिटार द्यावी. त्यापुढील मुलांना व सडपातळ बांध्याच्या मोठ्यांनाही ३८ ते ४० इंची चालते. ४१ इंची मोठ्या पोटाची गिटार दिसायला भारदस्त असली तरी उजवा हात तिच्यावरून नीट खाली येतो की नाही, हे मुलाला बसवून पाहावे.

तिसरी बाब लाकडाची. गिटारची वरची फळी, जिला आपण तबली म्हणू, ती एकसंध लाकडाची असेल तर आवाज भरदार येतो. परंतु तिची किंमतही चढते. स्वस्त गिटारची तबली प्लायवूडप्रमाणे थर चिकटवून केलेली असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पोटावरील गोल छिद्राच्या कडेकडे पाहावे. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर फळी एकसंध, आणि बिस्किटासारखे थर दिसले तर प्लायवूड. दुकानदार काय सांगतो यापेक्षा ही कड अधिक खरे सांगते. तथापि खानदेशात पहिल्या गिटारसाठी प्लायवूडच घ्यावी असे आम्ही आग्रहाने म्हणू. कारण पुढे हवामानाच्या भागात येईल.

पैशाचा हिशेब

सध्या दोन-अडीच हजारांपासून गिटार मिळते. परंतु तीन हजारांच्या आतील वाद्य बहुधा शोभेचेच निघते. त्याच्या खुंट्या सरकतात, पडदे जागेवर नसतात आणि सूर टिकत नाही. साधारण चार ते आठ हजारांच्या दरम्यान नवशिक्याला तीन-चार वर्षे पुरेल असे वाद्य मिळू शकते. त्यात कोलकात्याच्या जुन्या भारतीय कारखान्यांचा माल येतो आणि बाहेरील कंपन्यांच्या सुरुवातीच्या श्रेणीतील काही वाद्येही त्याच्या आसपास बसतात. मुंबईला जाणे झाले तर धोबी तलाव भागातील १८६५ पासून चालत आलेल्या फुर्ताडोजसारख्या दुकानात अनेक वाद्ये एकाच ठिकाणी हाताळून पाहता येतात. ज्यांना घरपोच मागवावयाचे आहे त्यांनी परत करण्याची मुदत आधी वाचून घ्यावी आणि वाद्य आल्याबरोबर पुढे दिलेल्या सर्व तपासण्या त्या मुदतीतच उरकाव्यात.

रोज आकड्यांत वावरणाऱ्या आम्हांस एक सूचना करावीशी वाटते. हातात सहा हजार असतील तर सहाही हजार गिटारवर घालू नयेत. साडेचार हजारांचे वाद्य घ्यावे आणि उरलेल्या दीड हजारात जुळवणी, तारांचा एक जादा संच, जाड कापडाची पिशवी, कॅपो आणि दोन-तीन नख्या बसवाव्यात. जुळवणी केलेली साडेचार हजारांची गिटार न जुळवलेल्या आठ हजारांच्या गिटारपेक्षा मुलाला नक्कीच अधिक शिकवते. सूर तपासण्याचे यंत्र वेगळे घेण्याची गरज नाही. मोबाईलवर ती सोय फुकट मिळते. हप्त्यांवर मात्र गिटार घेऊ नये. हौसेच्या वस्तूचा हप्ता थकला की घरातले बोलणे त्या मुलाला ऐकावे लागते आणि वाद्यावरचे मनच उडते.

दुकानात करावयाच्या तपासण्या

नवी असो वा जुनी, गिटार घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. त्यासाठी संगीत येण्याची गरज नाही.

१. गिटारचे पोट छातीशी धरून दांडीच्या कडेने बंदुकीचा नेम धरल्याप्रमाणे पाहावे. दांडी पिळलेली किंवा धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर ती गिटार बाजूला ठेवावी. अगदी किंचित खोलगटपणा असावाच लागतो.

२. घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर घोडी उखडू लागली आहे. जुन्या गिटारमध्ये घोडीच्या मागे तबली फुगली आहे काय, हेही पाहावे.

३. दांडी आणि डोके जेथे मिळतात तेथे भेग अथवा पुन्हा चिकटवल्याची खूण शोधावी. पडलेली गिटार तेथेच मोडते.

४. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवावी. कोठे झणझण येते किंवा सूर मुका पडतो, ते ऐकावे. एकाच जागी झणझण असेल तर त्याच्या पुढचा पडदा उंच बसला आहे असे समजावे.

५. बाराव्या पडद्यावर तार नुसती बोटाने स्पर्शून छेडावी, मग तोच पडदा दाबून छेडावी. दोन्ही वेळा स्वर एकच यावयास हवा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो आणि तेथे मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर मिळतो. फरक स्पष्ट ऐकू येत असेल तर त्या वाद्यावर सूर कधीच नीट लागणार नाही.

६. दांडीच्या आत पोलादी सळई आहे काय, हे विचारावे. तिचे टोक डोक्यावरील लहान झाकणाखाली किंवा पोटाच्या छिद्रातून दिसते. सळई असलेल्या गिटारची दांडी पुढे सरळ करता येते.

जुळवणी म्हणजे नेमके काय?

धुळ्यातील एका परिचित कुटुंबात मुलीने दोन महिन्यांत गिटार टाकून दिली होती. बोटांच्या टोकांना वळ पडत होते. आम्ही पट्टी लावून पाहिली तेव्हा बाराव्या पडद्यावर जाड तार तब्बल ४ मिलिमीटर उंच होती. जाणकाराकडून जुळवणी करून ती अडीचवर आणली, तारांचा संच बदलला. खर्च काही शे रुपयांचा. मुलगी पुन्हा वाजवू लागली आणि आजही वाजविते. तिच्या बोटांत दोष नव्हता, हे तिला स्वतःला पटले, ही आमच्या मते त्या खर्चातील मोठी मिळकत.

जुळवणीत चार कामे असतात आणि ती याच क्रमाने करावी लागतात.

पहिले काम दांडीचे. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबावी. आता सातव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट जास्त असेल तर सळईची चावी घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवावी. फट मुळीच नसेल तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि चावी अडली तर जोर मुळीच नाही. सवय नसल्यास हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरे काम डोक्याकडील पांढऱ्या पट्टीचे. तिच्या खाचांतून तारा जातात. तिला नट म्हणतात. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबली असता पहिल्या पडद्यावर केसाएवढीच फट राहावी. ती मोठी असेल तर खाच बारीक कानशीने थोडी खोल करावी लागते. नवशिक्याची बोटे मुख्यतः पहिल्या तीन पडद्यांवरच असतात, त्यामुळे बोटांचे निम्मे दुखणे या खाचांत असते. मात्र खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणू लागते, म्हणून हेही काम घाईचे नव्हे.

तिसरे काम घोडीवरील पांढऱ्या पट्टीचे. तिला सॅडल म्हणतात. स्टीलची अशी पट्टी घ्यावी जिचे शून्य अगदी कडेपासून सुरू होते. कंपासपेटीतील प्लॅस्टिकच्या पट्टीला कडेला मोकळी जागा असते, ती येथे चालत नाही. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत सुमारे अडीच आणि बारीक तारेपर्यंत सुमारे दोन मिलिमीटर अंतर असावे. जास्त असेल तर तारा सैल करून सॅडल काढावे आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचा तळ घासावा. माथा घासू नये. बाराव्या पडद्यावर जेवढे कमी करावयाचे त्याच्या दुप्पट सॅडल घासावे लागते, कारण बारावा पडदा मध्यावर आहे. एक मिलिमीटर उतरवायचे तर दोन मिलिमीटर घासणे आले. आधी पेन्सिलीने रेघ मारावी, थोडे घासावे, बसवून मोजावे, पुन्हा थोडे घासावे. घासलेले परत वाढविता येत नाही.

चौथे काम तारांचे. संचावर सर्वांत बारीक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत लिहिलेली असते. १२ चा संच जाड, ११ चा मध्यम, १० चा बारीक. नवशिक्याला १० किंवा ११ चा संच द्यावा. आवाज किंचित कमी होतो, पण बोटे वाचतात. तारा गंजल्या, काळवंडल्या की बदलाव्यात. रोज वाजविणाऱ्याला तीन-चार महिन्यांनी नवा संच लागतो.

पेटीवरून सूर लावणे

आपल्याकडे पुष्कळांना पेटीच्या पट्ट्या माहीत असतात, परंतु इंग्रजी स्वरनावे माहीत नसतात. म्हणून त्याच भाषेत सांगतो. सर्वांत जाड तारेपासून सुरुवात करून सहा तारांचे स्वर असे : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तके वर. सप्तक चुकले तर बारीक तार ताडकन तुटते, म्हणून नवशिक्याने पहिले काही आठवडे मोबाईलच्या मदतीनेच सूर लावावा.

एक तार लागली की बाकीच्या कानाने लावता येतात. जाड तारेचा पाचवा पडदा दाबला की पुढच्या तारेचा स्वर मिळतो. असेच पुढे जावे. फक्त पांढरी पाचच्या तारेवरून पांढरी सातची तार लावताना पाचवा नव्हे, तर चौथा पडदा दाबावा.

आता साथीचा प्रश्न. आपल्याकडील गायक बहुधा काळी एक, काळी दोन, तर गायिका काळी चार, काळी पाच अशा पट्टीत गातात. नवशिक्याला येणारे सोपे आकार पांढऱ्या पट्ट्यांचे असतात. येथे कॅपो उपयोगी पडतो. काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचे आकार वाजवावेत. काळी दोनसाठी पहिल्यावरच कॅपो ठेवून डीचे आकार. काळी चारसाठी पहिल्यावर कॅपो व जीचे आकार, आणि काळी पाचसाठी तिसऱ्यावर कॅपो व जीचेच आकार. एवढी चार वाक्ये पाठ असली तरी मुलगा पेटीवाल्याशेजारी धीटपणे बसू शकतो.

खानदेशचे हवामान

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा अगदी कोरडी होते. लाकूड आकसते, तबली बसते, पडद्यांची टोके दांडीबाहेर येऊन हाताला टोचतात आणि एकसंध फळीला भेगही पडू शकते. थरांचे लाकूड हे चढउतार अधिक सोसते. आम्ही पहिल्या गिटारसाठी प्लायवूड सुचविले ते याच कारणाने. पुढे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तारा पुन्हा उंच वाटू लागतात. त्यात वाद्य बिघडले असे काही नसते. आषाढात एकदा पट्टी लावून पाहावे, एवढेच.

पत्र्याच्या खोलीत गिटार छताजवळ टांगू नये, माळ्यावर तर मुळीच ठेवू नये. तेथेच सर्वांत जास्त उष्णता असते आणि सरस मऊ पडून घोडी सुटते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवणेही तितकेच वाईट. कूलरच्या झोतासमोर ठेवू नये. खोलीतील खालच्या भागात, भिंतीपासून जरा दूर, पिशवीत उभी ठेवावी. उन्हाळ्यात पिशवीत छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करावा. डबीतून पाणी गळता कामा नये. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. घामाने तारा लवकर गंजतात.

शेवटी एक विनंती

प्रत्येक घराला गिटार परवडेल असे नाही आणि प्रत्येक मुलाने घ्यावीच असेही नाही. वस्तीतील अभ्यासिकेत किंवा समाजमंदिरात एक जुळवलेली गिटार, तारांचे दोन संच आणि एक स्टीलची पट्टी ठेवली, तर आठ-दहा मुले वाद्य हाताळून पाहू शकतील आणि कोणाला खरी गोडी आहे हे खर्चापूर्वीच कळेल. नोंदवहीत नाव लिहून तासाभरासाठी वाद्य देण्याची व्यवस्था मोठ्या मुलांनीच पाहावी.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर गिटार पडून आहे, त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा खाली काढावी, पुसावी आणि बाराव्या पडद्यावर पट्टी लावून अंतर मोजावे. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त भरले तर आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बोलावून सांगावे की, तुला जमत नव्हते असे नाही, वाद्यच जुळवलेले नव्हते. मग जुळवणी करून घ्यावी आणि दोन महिने थांबावे.